प्लास्टिकच्या गवताने दया होत नाही



परवा धाकट्या जाऊबाईंकडे गेले होते. नातवाच्या हट्टापायी घरात काचेची टाकी आली आहे. त्यात चार मासे आणि तळाला हिरवंगार प्लास्टिकचं गवत! "खरी झाडं लावली की छाटावी लागतात, उगाच हिंसा," म्हणाल्या. पाहुणे होते म्हणून तिथे गप्प बसले. इथे बोलणार आहे.

मासे विकत आणणंच मला पटत नाही. पण आणलेत ना? मग पंचेंद्रिय जीव काचेत कोंडायचा आणि एकेंद्रिय पानासाठी हळहळायचं, याला मी दया म्हणत नाही. प्लास्टिकच्या टोकदार पात्यांनी माशांचे पर फाटू शकतात, आणि पाण्यातली घाण ते गवत तिळभरही कमी करत नाही.

व्हॅलिस्नेरिया करते. फितीसारख्या लांब पानांची ही पाणवनस्पती भारतातल्या नद्या-तळ्यांतही उगवते. माशांमुळे पाण्यात साठणारा अमोनिया ती शोषते, उजेडात प्राणवायू सोडते, भेदरलेल्या माशाला आडोसा देते. पाण्यातलं पोषण तिने उचललं की शेवाळ कमी माजतं. शेवाळ तर आपण अनंतकाय मानतो! ते दर आठवड्याला काचेवरून खरवडताना होणारी हिंसा कोणाच्या खात्यावर मांडायची?

लावणं अवघड नाही. बोअरचं जड पाणी तिला चालतं. मुळं वाळूत खोचा, पण पानं फुटतात तो बुडखा उघडा राहू द्या, नाहीतर कुजतो. सुरुवातीला काही पानं गळून विरघळतात, घाबरू नका. मग ती आडवे धुमारे काढून हरळीसारखी पसरते. अंगणातल्या हौदातही छान वाढते.

मात्र जास्तीचे धुमारे "जीव सोडला, पुण्य लागलं" म्हणत ओढ्यात टाकू नका. दुकानातली जात आपल्या ओढ्याची असेलच असं नाही. न्यूझीलंडमध्ये बाहेरून आलेली व्हॅलिस्नेरिया इतकी माजली, की तिच्या विक्रीवर आणि लागवडीवर बंदी घालावी लागली. जास्तीची रोपं दुसऱ्या टाकीवाल्यांना द्या.

जाऊबाई, हे वाचून रागवायचं तर खुशाल रागवा. पण येताना एक डबा घेऊन या. माझ्या हौदातले चार धुमारे तुमच्यासाठी काढून ठेवते.