हलगीला टाळ्या, हलगीवाल्याचं काय? समजून घ्या एका वाद्याचा प्रवास

गणपतीची मिरवणूक असो, शिवजयंती असो की बैलगाडा शर्यत, पनवेल, कळंबोली, कामोठे परिसरात हलगीचा कडकडाट आता सवयीचा झाला आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडून कामधंद्यासाठी आलेल्या कुटुंबांसोबत घाटावरचं हे वाद्यही इथे आलं. त्याचे रील्स हातोहात शेअर होतात. पण वाद्याला मिळणारी पसंती वादकापर्यंत पोहोचते का?

हलगी वाजते कशी?

गोल कडं, त्याच्या एका बाजूला ताणून बसवलेलं कातडं आणि दुसरी बाजू उघडी, एवढीच हलगीची रचना. ती खांद्याला अडकवून दोन काड्यांनी वाजवतात. जाड, आखूड काडी ठोका देते. बारीक, लवचिक काडी मधल्या जागा भरते. वाजवण्याआधी हलगी जाळावर शेकतात. त्यामागे साधं विज्ञान आहे. कातडं हवेतला ओलावा शोषून सैल पडतं. शेकल्यावर ओलावा निघतो, ताण वाढतो आणि आवाज चढतो. पनवेलच्या दमट हवेत हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. म्हणूनच अनेक जण प्लास्टिकचं पान वापरतात. ते पावसातही सैल पडत नाही, पण त्याचा आवाज कातड्यासारखा येत नाही.

प्रदेश बदलला की काय बदलतं?

कोल्हापूरकडे कुस्तीच्या फडात हलगीला घुमकं आणि कैताळाची साथ असते. तमाशात ती ढोलकीच्या जोडीला येते. मराठवाडा-विदर्भात याच कुळातलं वाद्य म्हणजे डफडं. शाहिराचा डफ मोठा असतो आणि तो मुख्यतः हाताने वाजवतात. सीमा ओलांडली की कर्नाटकात तमटे, आंध्र-तेलंगणात डप्पू आणि तमिळनाडूत परई भेटते.

मग प्रश्न कुठे आहे?

नावं वेगळी असली तरी या वाद्यांचा सामाजिक इतिहास बराचसा सारखा आहे. गावगाड्यात दवंडी, लग्न, अंत्ययात्रा अशा प्रसंगी हलगी वाजवण्याचं काम प्रामुख्याने मातंग समाजाकडे होतं. ते काम हौसेचं नव्हतं, जातीने वाट्याला आलेलं होतं. मोबदला म्हणजे बलुतं, आणि तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. म्हणूनच आत्मसन्मानासाठी अनेकांनी हलगी खाली ठेवली. परंपरा बुडाली म्हणून हळहळणाऱ्यांनी हा निर्णय आधी समजून घ्यायला हवा.

‘आता हलगी सगळ्यांची झाली, जात कशाला काढायची?’ असं विचारलं जातं. सगळ्यांनी जरूर वाजवावी. पण ज्यांनी कमीपणा सोसून हे वाद्य टिकवलं, त्यांचं नाव पुसून ते ‘आपली संस्कृती’ होत नाही.

शेजारच्या राज्यांत काय घडलं?

परईवरून परैयर हे जातीचं नाव आल्याचं मानतात आणि त्यावरूनच बहिष्कृत या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘परायाह’ तयार झाला. तीच परई पुढे तमिळनाडूत स्वाभिमानाची खूण म्हणून वाजू लागली. परईवादक वेलू आसान यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्याआधी २०२३ मध्ये कर्नाटकातले तमटेवादक मुनिवेंकटप्पा यांना हा सन्मान मिळाला. तिथे वाद्यासोबत वादकाचं नावही पुढे आलं.

पनवेलमध्ये काय करता येईल?

फार मोठा निधी लागणार नाही. मंडळांच्या फ्लेक्सवर नेत्यांचे फोटो रांगेने असतात, तिथे हलगी पथकाच्या नावाची एक ओळ सहज बसेल. सुपारी देताना मानधन, वेळ, जेवण आणि प्रवासखर्च आधी ठरवून लिहून द्यावा; ‘खूश करू’ हे आश्वासन पुरेसं नाही. महापालिकेकडे वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे. तिथे वर्षातून एक संध्याकाळ हलगी, डफडं, संबळ आणि ढोलकीच्या वादकांना द्यावी, तिकीट लावून. शाळांत कार्यशाळा घ्यायची असेल तर शिकवायला पिढीजात वादकालाच बोलवावं आणि त्याला शिक्षकाचं मानधन द्यावं.

पुढच्या मिरवणुकीत हलगीचा व्हिडिओ काढाल, तेव्हा वादकाला नाव विचारा आणि त्याची हरकत नसेल तर ते कॅप्शनमध्ये लिहा. एवढं तर आजपासूनच करता येईल.