कमावलेले शरीर आणि झिजवलेले शरीर

मराठीत शरीराविषयी बोलण्याच्या दोन परंपरा आहेत. एक आखाड्याची. तिच्यात शरीर कमावले जाते, पीळदार होते, तालमीत घडते. दुसरी आईची. तिच्यात शरीर झिजते. आई चंदनासारखी झिजते, मुलांसाठी खस्ता खाते, हाडांची काडे करते, रक्ताचे पाणी करते. पहिल्या परंपरेतील क्रियापदे शरीरात भर घालणारी आहेत आणि दुसरीतील शरीरातून काही काढून घेणारी. ‘कमावलेले शरीर’ हा शब्दप्रयोग एखाद्या आईविषयी केलेला माझ्या तरी वाचनात नाही.

घरात वर्ष-दीड वर्षाचे मूल असताना व्यायाम कसा करावा, हा प्रश्न आपण एरवी वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्यांकडे सोपवतो. तेथे त्याचे उत्तर ठरलेले असते: लवकर उठा, निश्चय करा, मुलाला सोबत घ्या. मला हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि अध्यापकांपुढे मांडावासा वाटतो, कारण या व्यायामाच्या आड केवळ घड्याळ येत नाही, आपली भाषाही येते.

महाराष्ट्राला व्यायामाची परंपरा नाही, असे कोणी म्हणणार नाही. समर्थ रामदासांच्या बलोपासनेची आठवण गावोगावच्या मारुतीच्या देवळांनी जागती ठेवली. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ मध्ये स्थापन झाले. द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्याहून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार संस्थानातील शाळांत नेले आणि स्त्रियांनीही ते घालावेत असे आग्रहाने सांगितले. तेव्हा या परंपरेने स्त्रियांना सरसकट वगळले, असा आरोप करणे अन्यायाचे होईल. मात्र तिने एक गोष्ट न बोलता गृहीत धरली. व्यायाम करणाऱ्याची पहाट त्याची स्वतःची असते, हे ते गृहीतक. पहाटे उठावे, स्नान करावे, जोर-बैठका काढाव्यात, हे सांगताना त्या वेळी घरातले लहान मूल कोणाजवळ आहे, हा प्रश्न तालमीच्या दारापर्यंत पोहोचतच नाही.

स्त्रियांच्या परंपरेत शरीराला मोकळीक मिळाली ती व्रताच्या आडोशाने. मंगळागौरीच्या जागरणात झिम्मा, फुगडी, पिंगा घालणाऱ्या बायकांना दम लागतो, घाम येतो, मांड्या दुखतात. व्यायामाची सारी लक्षणे तेथे हजर असतात. त्या रात्री शेजारच्या खोलीत ओळीने झोपवलेल्या मुलांकडे घरातली एखादी वडीलधारी बाई बघते. या व्यवस्थेतील शहाणपण हे की खेळणारीची रात्र मोकळी करण्याची जबाबदारी घराने उचललेली असते. तिची मर्यादाही उघड आहे. ही मोकळीक श्रावणातल्या एखाद्या मंगळवारापुरती आणि लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांपुरतीच असते.

आता मुलाकडे वळू. इंग्रजीतील ‘टॉडलर’ या शब्दाला मराठीत नेमका एकच प्रतिशब्द नाही. ‘शिशू’ त्याहून लहान वाटतो, ‘बालक’ मोठा. आपण मुलाचे वय मोजले ते आईच्या शरीरावर: अंगावर पिणारे मूल, मांडीवरचे मूल, कडेवरचे मूल, बोट धरून चालणारे मूल. या प्रयोगांत मोठी जवळीक आहे. परंतु ते उच्चारताना लक्ष मुलावर असते. ज्या कडेवर ते मूल आहे, तिचे काय होते, हे त्यातून कळत नाही. बाळंतिणीसाठी आपल्याकडे सव्वा महिन्याची विश्रांती आहे, शेक-शेगडी आहे, तेल लावून अंग रगडणे आहे, डिंकाचे नि अळिवाचे लाडू आहेत. सव्वा महिना संपला की साऱ्यांचे लक्ष बाळाकडे जाते. दुसऱ्या वर्षात, म्हणजे मूल कडेवरून उतरून पुन्हा कडेवर चढण्याचा हट्ट धरते तेव्हा, आईच्या शरीरासाठी आपल्याजवळ एकही प्रथा नाही.

आणि हेच वर्ष अवघड असते. न्यूयॉर्क विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कॅरेन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुले मोकळेपणी खेळताना तासाला सरासरी २३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात, अशी नोंद आहे. मूल दिवसभर व्यायामच करत असते. त्याच्यामागे असलेल्या मोठ्या माणसाचा मात्र व्यायाम होत नाही. चार पावले चालणे, वाकणे, उचलणे, मुंगी दिसली म्हणून थांबणे, पुन्हा वाकणे, असा त्याचा दिवस जातो. दमणूक पुष्कळ होते, पण श्वास वाढेल अशी सलग गती कधी मिळत नाही.

येथे घरोघरी ऐकू येणारा आक्षेप घ्यायला हवा. ‘अगं, दिवसभर त्याच्यामागे धावतेस, तोच तुझा व्यायाम,’ असे माझ्या सासूबाई प्रेमाने म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेची हालचाल सुचवली आहे आणि ती निदान दहा मिनिटे सलग असावी, ही पूर्वीची अट काढून टाकली आहे. जिना चढणे, भाजी आणायला झपझप चालत जाणे हेही हिशेबात धरले जाते. लहान मुलाच्या आईला हा मोठाच दिलासा आहे. पण त्याच सूचनांत आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस सर्व प्रमुख स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत, असेही म्हटले आहे. घरकाम आणि मूल सांभाळणे यांतून ते होत नाही. वर्षाचे मूल नऊ-साडेनऊ किलोचे असते, दोन वर्षांचे साडेअकरा-बारा किलोचे. हे वजन आपण बहुधा एकाच कडेवर, कंबर एका बाजूला काढून, दुसऱ्या हाताने फोडणी घालत पेलतो. त्यातून कंबर दुखते. ती बळकट होतेच असे नाही. पोटाचे मधोमध दुरावलेले स्नायू किंवा शिंकताना लघवीचे थेंब सुटणे, या बाळंतपणानंतर अनेकींना होणाऱ्या आणि चारचौघींत न बोलल्या जाणाऱ्या तक्रारी आहेत. दुसऱ्या तक्रारीवर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे नियमित व्यायाम हा पहिला मान्य उपचार आहे. ते व्यायाम मुलामागे धावून होत नाहीत.

दुसरा सल्ला मुलाला सोबत घेण्याचा. तोही अर्धा खरा आहे. सूर्यनमस्कार घालताना मूल पोटाखालून बोगद्यातून जावे तसे जाते आणि खिदळते, हे सुख मी नाकारणार नाही. त्याच संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या सूचनांप्रमाणे एक-दोन वर्षांच्या मुलाने दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि त्याला एका वेळी तासाहून अधिक काळ बाबागाडीत वा खुर्चीत बांधून ठेवू नये. तेव्हा दोघांनी मिळून हालचाल करणे मुलाच्या हिताचेच आहे. मात्र या सल्ल्यामागचा विचार तपासून घेतला पाहिजे. आईचा प्रत्येक क्षण मुलाच्या उपयोगी पडावा, तिचा व्यायामसुद्धा मुलाच्या खेळाचाच एक प्रकार व्हावा, असा तो विचार आहे. वडिलांना जिममध्ये किंवा मैदानावर जाताना मूल बरोबर न्या, असे सहसा कोणी सांगत नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मूल झाले. चाळिशीत स्नायू आणि हाडे यांची ताकद आपोआप टिकत नाही, ती टिकवावी लागते. मूल वीस वर्षांचे होईल तेव्हा मी साठी ओलांडलेली असेन, हा हिशेब मला भावनेपेक्षा अंकगणितानेच अधिक पटला. माझे पतीही अध्यापक आहेत. आम्ही आठवड्याची वाटणी लिहून फ्रिजवर चिकटवली. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सहा ते सहा-चाळीस माझे. मंगळवार, गुरुवार, शनिवार तेवढाच वेळ त्यांचा. ज्याची पाळी नाही त्याच्याकडे मूल, त्याचे दूध आणि त्याचे रडणे. बैठका, भिंतीला हात टेकून जोर, सूर्यनमस्कार, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या, एवढेच माझे साहित्य. उरलेल्या मिनिटांची बेरीज बसथांब्यापासून कॉलेजापर्यंतच्या चालण्यातून होते. पहिले काही आठवडे मूल बंद दाराशी रडायचे. मग त्याला कळले की दार चाळीस मिनिटांनी उघडते. मूल आजारी पडले की हे वेळापत्रक कोलमडते, परीक्षांच्या दिवसांत तर कोलमडतेच. पण कागद फ्रिजवर असल्यामुळे पुन्हा सुरुवात करताना नव्याने परवानगी मागावी लागत नाही.

परवानगी हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरते आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. २०१९ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत दोघांचाही वेळ नऊ-दहा मिनिटांनी कमी झाला आणि दोघांमधील अंतर जवळपास तेवढेच राहिले. १५ ते ५९ वयोगटात घरातल्यांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला १४० मिनिटे देतात आणि पुरुष ७४. आठवड्यात १००८० मिनिटे असतात. त्यांतील १५० म्हणजे दीड टक्का. हा दीड टक्का इच्छाशक्तीने मिळत नाही. तो घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी दिवसातून यावा लागतो. ‘वेळ काढ’ असे बाईला सांगताना तो नेमका कोणाच्या वाट्यातून काढायचा, हेही सांगितले पाहिजे.

एवढे होऊनही एक अडथळा उरतो आणि तो आपल्या विषयाचा आहे. दार बंद करून बैठका काढणाऱ्या आईला आपण काहीतरी चोरतो आहोत असे वाटते. हे वाटणे आपण शिकवलेले आहे. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’ने मराठी मनावर आईची जी प्रतिमा कोरली, तिच्यात आजारी, कष्टाने खंगत गेलेल्या शरीराचा मोठा वाटा आहे. त्या पुस्तकाचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. दारिद्र्यात त्या आईला दुसरा मार्ग नव्हता आणि साने गुरुजींनी तिचे दुःख जाणूनच लिहिले. आपण वाचक मात्र परिस्थितीने लादलेल्या झिजण्याला मातृत्वाचे लक्षण मानू लागलो. निबंधांतून, निरोपसमारंभांतून, मातृदिनाच्या भाषणांतून ते इतक्या वेळा उच्चारले गेले की न झिजणारी आई आपल्याला अपुरी वाटू लागली.

येथे एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. मी बोलते आहे ती पगारी, मध्यमवर्गीय घराविषयी. जी बाई मूल पाठीशी बांधून दिवसभर शेतात वाकते किंवा चार घरची धुणीभांडी करून पाचव्या घरी, म्हणजे स्वतःच्या घरी, तेच काम करते, तिला व्यायामाचा उपदेश करणे क्रूरपणाचे आहे. तिच्या शरीराला विश्रांती हवी आहे. जात्यावरच्या ओव्यांचा इंदिरा संतांनी ‘मालनगाथा’त केलेला संग्रह आपण वर्गात शिकवतो, त्यातील गोडवा दाखवतो, पण पहाटे दळणाऱ्या त्या बाईची झोप किती झाली होती, हे विचारत नाही. दोन्हीकडे मागणी एकच आहे. आईच्या शरीराचा वेळ हा घराने आणि समाजाने द्यायचा हिस्सा मानला पाहिजे. कोणाला तो व्यायामासाठी हवा असेल, कोणाला नुसते आडवे पडण्यासाठी.

अध्यापक म्हणून आपल्या हाती दोन गोष्टी आहेत. पहिली वर्गातली. आईविषयीच्या कविता आणि आठवणी शिकवताना ‘झिजणे’ हे क्रियापद आले की क्षणभर थांबावे, ते कोणी कोणाविषयी आणि कशासाठी वापरले आहे, हे विद्यार्थ्यांना विचारावे. दुसरी अध्यापककक्षातली. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या सहकारी बाईंचे वेळापत्रक आखताना शेवटची तासिका त्यांच्या माथी मारली जाते का आणि संध्याकाळच्या अनौपचारिक बैठका त्यांच्याविना उरकल्या जातात का, हे पाहावे. त्यांच्या घरी पाळी बदलणारे कोणी असेल वा नसेल. कॉलेजाने त्यांचा अर्धा तास आणखी खाऊ नये. वर्षभराचे मूल असलेले तरुण सहकारीही आता आपल्यात आहेत. सहा-चाळीसला घरी पाळी बदलायची आहे म्हणून सकाळी सातच्या तासिकेला नकार देणाऱ्या बापाला हसू नये. तो नकार देत असेल, तर त्याच्या घरी कोणाचे तरी शरीर कमावले जात असण्याची शक्यता आहे.