‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका आणि खानदेशचा कापूस

कापसाचा भाव चढला कीं आपण खूष, आणि उतरला कीं सरकारास शिव्या, हा आपला पिढीजात शिरस्ता आहे. तो भाव कोणाच्या रक्तामुळें चढला हें मात्र आपण क्वचितच विचारतों. सन १८६१ त अमेरिकेंत उत्तर व दक्षिण प्रांतांत यादवी जुंपली. दक्षिणेचा कापूस काळ्या गुलामांच्या घामावर पिकत असे. उत्तरेच्या आरमारानें तो बंदरांतच कोंडला, आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्याकडे पाहूं लागल्या. खानदेश-वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. १८६५ त युद्ध संपलें, भाव कोसळला, आणि चढत्या भावाच्या भरंवशावर काढलेलें कर्ज सावकाराच्या वहींत जसेंच्या तसें राहिलें. त्या युद्धाची आपल्या बापजाद्यांच्या दारीं आलेली बातमी ती एवढीच.

परंतु त्याच युद्धाची दुसरी बातमी पुण्यास एका माळ्याच्या मुलापर्यंत पोंचली. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ छापली, तेव्हां ज्या अमेरिकन लोकांनीं गुलामांच्या सुटकेसाठीं झीज सोसली त्यांस ती अर्पण केली. जोतीरावांनीं अमेरिका डोळ्यांनीं पाहिली नव्हती. तेथील कोणी वकील येऊन त्यांस भेटला नव्हता, कीं कोणीं त्यांस पैसा दिला नव्हता. मग सात समुद्रांपलीकडील राष्ट्राचें नांव येथील शूद्रातिशूद्रांच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर कसें चढलें?

केवळ लढाई जिंकल्यानें खास नव्हे. लढाया पुष्कळांनीं जिंकल्या आहेत. आरंभीं तर लिंकनसाहेब, आपण राज्य एक ठेवण्यापुरतें लढतों, गुलामांचा प्रश्न वेगळा, असेंच म्हणत. तेव्हां विलायतेंतील बडे लोक दक्षिणेकडे झुकत होते, कारण कापूस तिकडे होता. १ जानेवारी १८६३ रोजीं बंडखोर प्रांतांतील गुलाम मुक्त झाल्याचा जाहीरनामा निघाला, आणि वारें फिरलें. यांत मला सर्वांत मोठें वाटतें तें मँचेस्टरच्या मजुरांचें वर्तन. कापसावांचून त्यांच्या गिरण्या बंद पडल्या होत्या, चुली थंड होत्या. तरीहि ३१ डिसेंबर १८६२ रोजीं सभा भरवून त्यांनीं लिंकनला पाठिंब्याचें पत्र धाडलें, व त्यानें पुढच्याच महिन्यांत त्यांस आदरानें उत्तर दिलें. ज्यांचें पोट त्या युद्धानें मारलें त्यांनींच त्याची बाजू घेतली. आम्ही मात्र भाव मोजीत बसलों होतों. बसणारच म्हणा, आम्हांस अक्षर कोणीं शिकविलें होतें?

दुसरी गोष्ट निवडणुकीची. १८६४ त युद्ध ऐन भरांत असतां अध्यक्षाच्या निवडणुकीची पाळी आली. आपण हरणार असें ऑगस्टांत लिंकनला स्वतःलाच वाटत होतें, व समोर उभा होता तो त्यानेंच सेनापतिपदावरून दूर केलेला मॅक्लेलन. ‘शत्रु दारांत आहे, निवडणूक मागाहून पाहूं,’ असें म्हणण्यास याहून चांगला मोका कोणता? तो त्यानें घेतला नाहीं. शिपायांनीं छावणींतून मतें दिलीं, ८ नोव्हेंबरला लिंकन निवडून आला, आणि १८६५ त गुलामगिरी घटनेंतूनच उखडली गेली.

पण नांव म्हणजे कांहीं वतन नव्हे, कीं एकदां सनद झाली म्हणजे सात पिढ्या बसून खावी. १८७७ नंतर दक्षिणेंत त्याच मुक्त झालेल्या लोकांचें मत डोईपट्टी व वाचनाच्या परीक्षा लावून हिरावलें गेलें, आणि १९६५ च्या कायद्यापर्यंत तें पुरतें परत मिळालें नाहीं.

आतां आपल्या घरचें पाहूं. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांनीं हिंदुस्थान युद्धांत असल्याचें जाहीर केलें. अवघ्या अडीच वर्षांमागें, १९३७ त, याच सरकारनें प्रांतोप्रांतीं निवडणुका घेतल्या होत्या. पण निवडून आलेल्या एकाही सभेस विचारलें नाहीं. १९४१ त अटलांटिक सनदेंत सर्व लोकांस आपलें राज्य निवडण्याचा हक्क मान्य झाला, आणि लागलीच चर्चिलसाहेबांनीं पार्लमेंटांत सांगितलें कीं हें हिंदुस्थानास लागू नाहीं. पुढच्या सालीं, ९ सप्टेंबर १९४२ रोजीं, तेव्हांच्या पश्चिम खानदेशांतील नंदुरबारांत मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या गेल्या. शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा पोर व त्याचे चार विद्यार्थी सोबती पडले. त्याच युद्धांत आमचे यशवंत घाडगे १९४४ त इटलींत त्याच सरकारसाठीं लढतां लढतां कामीं आले, व त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पोरांवर गोळी आणि शिपायांस पदक! ही विसंगति जगास दिसत नव्हती असें नाहीं. खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट हे १९४२ त हिंदुस्थानच्या प्रश्नावर चर्चिलला टोंचीत होते. तथापि इंग्रज मतदाराचें श्रेय नाकारूं नये. जुलै १९४५ त, दहा वर्षांनीं पेटी समोर येतांच, जिंकणाऱ्या चर्चिललाच त्यानें घरीं बसविलें.

आमची परीक्षा १९७१ त झाली. पाकिस्तानांत डिसेंबर १९७० मध्यें निवडणूक होऊन अवामी लीगला बहुमत मिळालें. लष्करानें तें मानलें नाहीं, आणि २५ मार्च १९७१ च्या रात्रीं डाक्क्यांत कत्तल सुरू झाली. सुमारें एक कोटी निर्वासित आपल्या हद्दींत आले. अमेरिकेच्या तेथील वकिलातीचा प्रमुख आर्चर ब्लड यानें तारेनें स्वतःच्याच सरकारचा निषेध केला. निक्सनसाहेबांनीं ऐकलें नाहीं. युद्ध पेटलें तेव्हां संयुक्त राष्ट्रांच्या सभेंत १०४ मतें युद्धबंदीच्या व फौजा मागें घेण्याच्या बाजूनें पडलीं, विरुद्ध अवघीं ११. म्हणजे सरकारें आपल्या बाजूस नव्हतीं. पुढें सुमारें ९३,००० कैदी आपल्या हातीं आले, ते जिनीव्हाच्या करारानुसार ठेवून परत धाडले. मार्च १९७२ त आपली फौज बांगला देशांतून निघाली. मागें राहून राज्य करण्याचा मोह टाळला, हें मला रणांगणावरील विजयाहून अधिक वाटतें.

आणि तीच कमाई आपण २५ जून १९७५ च्या रात्रीं उधळली. विरोधक तुरुंगांत, वर्तमानपत्रांस कुलूप, लोकसभेची मुदत वाढवून निवडणूक पुढें ढकलली. ती अखेर मार्च १९७७ मध्यें झाली, तेव्हां खुद्द पंतप्रधान रायबरेलींत पडल्या. गेलेली अब्रू परत आणली ती कोणा परराष्ट्रमंत्र्यानें नव्हे. शाईचें बोट दाखविणाऱ्या निरक्षर बायाबापड्यांनीं आणली.

आमच्या पारावर कोणी म्हणतात, ‘मास्तर, जग काय म्हणतें याच्याशीं आपणांस काय करावयाचें? आपला भाव बोला.’ त्यांस माझें उत्तर जोतीरावांच्या पुस्तकाचें पहिलें पान. जगांत कोठेंतरी आज आपल्या जोतीरावांसारखा एखादा दलित-पीडित मनुष्य, हिंदुस्थान आपल्या कैद्यांशीं, निर्वासितांशीं व गरीब मतदाराशीं कसा वागतो, हें वाचीत असेल. मतदानाच्या दिवशीं पेटीपाशीं बसण्याचें काम आम्हां शिक्षकांवरच येतें, त्यामुळें आदल्या रात्रीं कोणत्या आळींत काय वांटलें गेलें हें आमच्या कानीं येतेंच. पुढच्या प्रचारसभेंत कोणी उमेदवार रणशौर्याच्या गोष्टी सांगून मत मागूं लागला, तर उठून त्यास दोन प्रश्न विचारा : तुझ्या राज्यांत हातीं आलेल्या कैद्यास जेवण मिळेल कीं मार? आणि युद्ध लागलें तर तूं ठरल्या दिवशीं पुन्हां आमच्याकडे मत मागावयास येशील कीं नाहीं?