आभाळ निरभ्र, पाऊस शून्य टक्के, तरी लाटा का? मे महिन्यात किनाऱ्यावर जाण्याआधी हे बघा

मालवण : परीक्षा संपल्या, आंबा उतरणीला लागला की घाटावरच्या गाड्या करूळ, फोंडा, आंबोली उतरून किनाऱ्याकडे वळतात. कुडाळ, कणकवली, सावंतवाडीची मंडळीही आलेल्या पाहुण्यांना घेऊन रविवारचा तारकर्ली, भोगवे, शिरोडा करून येतात. निघताना सगळे एक काम न चुकता करतात, मोबाईलवर हवामान बघतात. सूर्याचं चित्र दिसतं, पाऊस शून्य टक्के दाखवतो. "हवा मस्त आहे" म्हणत पोरं थेट पाण्यात उतरतात.

घोळ इथेच होतो. ते सूर्याचं चित्र जमिनीवरच्या हवेचं असतं. समुद्राच्या पाण्यात काय चाललंय ते त्यात नसतं.

आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यात येणाऱ्या लाटा ढोबळमानाने दोन जातीच्या. पहिली जात इथल्या वाऱ्याची. दिवसभर जमीन तापते आणि दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे सुटतात. त्यांनी पाणी चुळचुळतं, फेस येतो, लाट लगेच लाटेमागून येते. दोन लाटांत जेमतेम चार-सहा सेकंद. ही लाट दिसायला दंगेखोर पण तिचा जीव छोटा. रात्री वारा पडला की ती बसते आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा असला तर पाणी अगदी ताटातल्यासारखं सपाट होतं. गोव्यात मोरजी, आश्वे भागात सर्फिंग शिकवणारे नवख्यांना सकाळीच पाण्यात का नेतात त्याचं कारण हेच. दुपारी तीनला तिथे गेलात तर तोच समुद्र ओळखू येत नाही.

दुसरी जात लांबून आलेल्या लाटांची, आणि गोंधळ उडवते ती हीच. भारताच्या खूप दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या अलीकडच्या समुद्रात वर्षभर वादळं फिरत असतात. तिथल्या वाऱ्याने उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून आपल्याकडे पोहोचतात. दोन लाटांमधला वेळ १६ सेकंदांचा असेल तर अशा लाटांचा कळप ताशी साधारण ४५ किलोमीटरने पुढे सरकतो. म्हणजे एसटीच्या वेगाने. सात हजार किलोमीटरचा प्रवास सहा-सात दिवसांचा. ज्या वादळाने ती लाट उठवली ते तोपर्यंत संपलेलंही असतं. इथे वारा नाही, ढग नाही, आणि समुद्र मात्र अचानक वाळूवर चढायला लागतो.

केरळात याला कल्लक्कडल म्हणतात. कल्लन म्हणजे चोर आणि कडल म्हणजे समुद्र. न सांगता येणारा म्हणून चोर. ३१ मार्च २०२४ ला केरळच्या किनाऱ्यावर असाच समुद्र घरांत आणि रस्त्यांवर शिरला होता. त्यानंतर, ६ मे २०२४ ला, तमिळनाडूत कन्याकुमारी जिल्ह्यातल्या लेमूर बीचवर पाच वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. त्याआधीच उंच लाटांचा इशारा दिलेला होता. त्याच ४ आणि ५ मे रोजी मुंबईतही महापालिकेने लोकांना किनाऱ्यापासून लांब राहायला सांगितलं होतं. लाटा अर्धा ते दीड मीटरने वाढतील असा तो इशारा होता.

दीड मीटर म्हणजे काय, असं कुणालाही वाटेल. कमरेच्या वर, छातीपर्यंत. पण इथे आकडा वाचण्यात चूक होते, आणि ती शिकलेल्यांचीही होते.

हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था समुद्राचा अंदाज देते. तिच्या संदेशात आपल्या जिल्ह्याची पट्टी विजयदुर्गपासून खाली वेंगुर्ला-रेडीकडे अशी धरलेली असते. त्यात लाटेची जी उंची लिहिलेली असते ती सगळ्यात मोठ्या लाटेची नसते. येणाऱ्या लाटांतल्या मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. म्हणजे तीन मीटर लिहिलं असेल तर अधूनमधून एखादी लाट पाच-साडेपाच मीटरचीही येऊ शकते. शेतकऱ्याला हे समजायला जड नाही. एकरी दहा क्विंटल सरासरी म्हटलं म्हणजे प्रत्येक चोंढ्यात तेवढंच पिकतं असं नाही. फरक इतकाच की शेतात सरासरीच्या वरचं पीक आलं तर आनंद होतो.

उंचीच्या बरोबरीने दुसरा आकडा बघायचा तो सेकंदांचा, दोन लाटांमधल्या वेळेचा. गावाकडे हा आकडा कुणी बघत नाही आणि खरं तर तोच जास्त बोलतो. पाच सेकंदांची एक मीटर लाट पायाला गुदगुल्या करून जाते. सोळा सेकंदांच्या एक मीटर लाटेत पाण्याचा साठा कितीतरी जास्त असतो. ती समुद्राच्या तळाला लांबूनच लागते, उथळ पाण्यात आली की वर उठते, आणि फुटल्यावर वाळूवर खूप आतपर्यंत धावत येते. जिथे सकाळपासून चपला कोरड्या होत्या तिथपर्यंत. आणि जेवढं पाणी वर आलं तेवढंच परत खेचलं जातं. विंडीसारख्या ॲपवर लाटेची उंची, सेकंद आणि दिशा तिन्ही दिसतात. इन्कॉइसचं समुद्र नावाचं ॲपही आहे. मालवणच्या बोटवाल्यांच्या मोबाईलमध्ये यातलं काही ना काही असतंच. पाहुण्यांच्या मोबाईलमध्ये नसतं. दहा सेकंदांच्या आत आणि उंची एक मीटरच्या खाली असेल तर निवांत दिवस समजायला हरकत नाही. सेकंद चौदाच्या पुढे गेले की उंची कमी दिसली तरी पोरांना गुडघ्याच्या पुढे सोडू नये.

कोकणाचं नशीब थोडं बरं म्हणायचं. दक्षिणेकडून येणाऱ्या या लाटांचा पहिला मार केरळ खातो, आपल्याकडे येईपर्यंत जोर बराच उतरतो. हिवाळ्यात उलट दिशेनेही लाटा येतात. इराणच्या आखाताकडून शमाल नावाचा वारा सुटतो, त्याच्या लाटा वायव्येकडून आपल्या किनाऱ्याला लागतात. पण त्या कमी सेकंदांच्या असतात.

आता भरतीचं गणित. ॲप नसलं तरी हे गणित आपल्या आजोबांना तोंडपाठ होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, सकाळी आणि संध्याकाळी. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्या दिवशी उधाण असतं, पाणी जास्त वर चढतं आणि जास्त खाली उतरतं. सप्तमी-अष्टमीला भांग, फरक कमी. गावागावात थोडा पुढे-मागे वेळ होतो, पण अंदाजाला एवढं पुरे. लांबची लाट आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की किनाऱ्यावरच्या झोपड्या, टपऱ्या, ओढून ठेवलेल्या होड्या यांच्यापर्यंत पाणी पोहोचतं. रापणकर अशा वेळी होडी आणखी दहा हात वर घेतो. कुणी इशारा दिला म्हणून नाही, पाण्याचा आवाज बदलला म्हणून.

आंघोळीसाठी मात्र उधाणाची ओहोटी जास्त वाईट. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी हे डोळ्यांनी बघता येतं. ओहोटीला नदीचं पाणी जोरात बाहेर पडत असतं आणि समोरून लाट आत यायला बघते. दोघांची टक्कर होऊन तिथे लाट उभी राहते, भिंतीसारखी. छोट्या होडीला तिथून नेणं हे तांडेलाचं काम, हौशी माणसाचं नाही.

या सगळ्याचा हंगामाशी काय संबंध, तर इथे खरी अडचण आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याची प्रवासी वाहतूक आणि जलक्रीडा बंद असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. या तारखा कागदावर ठरलेल्या. समुद्र कागद वाचत नाही. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला समांतर वर गेलं आणि देवगड बंदरात होड्यांचं नुकसान करून गेलं. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंग करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. २०२५ मध्ये कमी दाबाचा पट्टा तयार होऊन २४ मे रोजी रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून गेला, आणि दुसऱ्या दिवशी मान्सून देवगडपर्यंत आलासुद्धा. एरवी तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो.

तीन वर्षांची ही उदाहरणं, तिन्ही मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यातली, तिन्ही बंदीच्या तारखेच्या आधीची. आणि हाच पंधरवडा धंद्याचा सगळ्यात मोठा. सुट्टीतली शेवटची गर्दी, होम स्टे भरलेले, बोटीच्या कर्जाचा हप्ता डोक्यावर. पुढे तीन महिने एक रुपया यायचा नाही हे माहीत असताना, दहा पर्यटक लाईफ जॅकेट घालून उभे असताना "आज नको" म्हणणं सोपं नाही. यात बोटवाल्याला एकट्याला दोष देऊन चालणार नाही. पाहुणाही हट्ट करतो. आगाऊ पैसे दिलेत, उद्या सकाळी गाडी आहे, थोडं जाऊन येऊ. बुकिंग घेतानाच "समुद्र खराब असला तर पैसे परत किंवा दुसरी वेळ" असं लिहून दिलं तर हा वाद किनाऱ्यावर होणार नाही. आणि बंदीची तारीख एकच ठेवण्यापेक्षा २० मेनंतर रोज सकाळी लाटेचा आकडा बघून त्या दिवसाचा निर्णय झाला तर काही दिवस धंदा वाचेल आणि काही दिवस माणसं वाचतील. तारीख आली म्हणून शांत समुद्रात बोट बांधून ठेवायची आणि तारीख आली नाही म्हणून खवळलेल्या समुद्रात सोडायची, हे दोन्ही बरोबर नाही.

हंगामाच्या दुसऱ्या टोकालाही तेच. सप्टेंबरमध्ये समुद्र उघडला की लोकांना वाटतं पावसाळा गेला. पण पावसाळ्यात लाटांनी किनाऱ्याची वाळू ओढून नेलेली असते, ती परत यायला महिने लागतात. ऑक्टोबरमध्ये पाण्याखाली खड्डे आणि चर ताजे असतात. गेल्या वर्षी मे महिन्यात जिथे कमरेएवढं पाणी होतं तिथे पुरुषभर असू शकतं. ऑक्टोबर २०२५ च्या सुरुवातीला शिरोडा-वेळागरला एकाच कुटुंबातली मंडळी पाण्यात ओढली गेली, ती घटना जिल्हा अजून विसरलेला नाही. त्याच दिवसांत अरबी समुद्रात शक्ती नावाचं चक्रीवादळ तयार होत होतं.

बुडणारा माणूस बहुतेक वेळा लाटेने बुडत नाही, परतीच्या पाण्याने बुडतो. लाटांनी वर आणलेलं पाणी परत जाताना एखादा चर शोधतं आणि तिथून ओढ्यासारखं बाहेर धावतं. जोरात असेल तेव्हा सेकंदाला दोन मीटर, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्याच्या उलट येता येत नाही. आणि गंमत अशी की वरून बघणाऱ्याला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. दोन्ही बाजूंना पांढरा फेस, लाटा फुटतायत, आणि मधे एक पट्टा शांत, थोडा काळपट. लहान पोरांना घेऊन लोक त्या शांत पट्ट्यातच उतरतात. किनाऱ्यावर पोहोचल्यावर पाच मिनिटं उभं राहून असा पट्टा कुठे आहे ते बघितलं तर निम्मं काम होतं. सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, पाठीवर तरंगा, हात वर करा, आणि ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर आडवं पोहत फेसाच्या दिशेला जा. फेस आहे तिथे पाणी उथळ असतं. वाचवायला मागून उडी मारणारा बाप, भाऊ, मित्र अशांचेच जीव जास्त जातात. पाण्यात उडी न घेता दोर फेका, नाहीतर झाकण घट्ट लावलेला तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन फेका. माणूस त्याला धरून बराच वेळ तरंगतो.

गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षकांची व्यवस्था आहे. आपल्याकडे ती गावागावाच्या ऐपतीवर. एखाद्या ठिकाणी दोन मुलं शिट्टी घेऊन उभी असतात, संध्याकाळी सहाला घरी जातात, आणि गर्दी तर सूर्यास्ताला असते. इशारा येतो तोही इंग्रजी कागदाचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकलेला. वाचतो कोण? तेच ग्रामपंचायतीने मराठीत तीस सेकंदांचं बोलून पाठवलं, "आज दुपारी दोनपासून रात्रीपर्यंत लाट मोठी आहे, पाण्यात उतरू नका, होड्या वर घ्या", तर ते होम स्टेवाल्याकडून पाहुण्यापर्यंत लगेच पोहोचतं. खर्च शून्य. वाहनतळाच्या पावतीवर पैसे घेणारी ग्रामपंचायत त्याच पावतीच्या टेबलावर एक लाल किंवा हिरवा झेंडाही लावू शकते.

तोवर ज्यांना या सुट्टीत जायचंच आहे त्यांनी सकाळी लवकर जावं, दहाच्या आत पाण्यातून बाहेर यावं. पाणी २८ ते ३० अंशांचं, कोमट असतं, सकाळीही थंडी वाजत नाही. दुपारी खारे वारे सुटायच्या आत जेवायला बसावं. संध्याकाळी वाळूवर चालावं, पाण्यात जाऊ नये, दारू प्यायली असेल तर मुळीच नाही. आणि पंचांगात अमावास्या-पौर्णिमा कधी आहे ते बघून मगच देवबागच्या संगमावर बोट ठरवावी. बोटवाल्याला विचारायचं तर "चालू आहे का?" असं विचारू नका, तो हो म्हणणारच. "आज किती सेकंदांची लाट आहे?" असं विचारा.