हातकागदाची वही आणि व्यापाऱ्यांचें कर्तव्य

दिवाळी जवळ आली कीं आमच्या पेठांतून नव्या चोपड्यांची खरेदी सुरू होते आणि लक्ष्मीपूजनाचे रात्रीं त्यांस हळदकुंकू वाहिलें जातें. खरा हिशेब आतां संगणकांत गेला, तरी ही पूजा राहिली आहे. परंतु जिची पूजा करावयाची ती वही कशाची बनली, कोणी बनविली व किती वर्षें टिकेल, हे तीन प्रश्न कोणी विचारीत नाहीं. ते विचारले जावे असा आमचा आग्रह आहे.

एके काळीं यांचीं उत्तरें दुकानदारांस ठाऊक असत. जुन्नरी व दौलताबादी कागद ही नांवें दफ्तरांतून प्रसिद्ध होतीं. दौलताबाद व खुलताबाद यांच्या दरम्यान वसलेल्या कागझीपुऱ्याचें तर नांवच धंद्यावरून पडलें. १३२७ सालीं महंमद तुघलकानें राजधानी देवगिरीस आणिली, त्या स्थलांतराशीं या वस्तीचा संबंध परंपरेनें जोडला जातो. हे कागदी बहुतेक मुसलमान. म्हणजे हिंदु सावकाराच्या पूजेंतील वहीचा कागद मुसलमानाच्या हातचा असे, व त्यांत कोणास वावगें वाटत नसे. अमक्याच्या दुकानीं जाऊं नका असा उपदेश करणारांनीं एवढी गोष्ट ध्यानांत धरावी.

सुती कागद टिकतो याचें कारण गूढ नाहीं. कापूस हा जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. लांकडांत लिग्निन नामक द्रव्य शेंकडा २० ते ३० असतें. तें काढून न टाकल्यास कागद पिवळा पडतो. त्यांतच १८०७ सालीं जर्मनींत राळ व तुरटी यांची खळ निघाली, आणि तिच्या आम्लानें पुढील दीड शतकांतले असंख्य ग्रंथ ठिसूळ झाले. उलट पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील हातकागदावरचे रुमाल शाबूत राहिले, म्हणूनच १९३० नंतर रा. गोविंद सखाराम सरदेसाई यांस त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड छापतां आले.

कृति ऐकावयास सोपी आहे. चिंध्या निवडाव्या, बटणें व शिवणी काढाव्या, बारीक कापून कुटाव्या. लगदा हौदांतील पाण्यांत कालवावा, चाळणी बुडवून सपाट उचलावी, ताव कापडावर उतरावा. मग दाबावा, वाळवावा, खळ द्यावी व घोटावा. पण चाळणी हालविण्यांत जें मनगट लागतें तें पुस्तकांतून मिळत नाहीं. हात गेला म्हणजे विद्या गेली.

आणि हात जात आहेत. गिरणीच्या स्वस्त कागदापुढें जुन्नरचा धंदा बसला. १९३४ सालीं महात्मा गांधींच्या प्रेरणेनें निघालेल्या ग्रामोद्योग संघानें या कलेस आधार दिला. १९४० सालीं पुण्यास हातकागद संस्था निघाली. परंतु संस्था काढल्यानें गिऱ्हाईक निर्माण होत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, गिरणीच्या कागदानें गरिबाच्या मुलास पुस्तक मिळालें, तें महाग करावयाचें काय? मुळींच नाहीं. शाळेची वही स्वस्तच असावी, व अलीकडे अनेक गिरण्या आम्लरहित कागद काढतात हेंही आम्हांस मान्य आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जें पन्नास-शंभर वर्षांनीं वाचलें जावें अशी इच्छा आहे, म्हणजे पूजेची चोपडी, संस्थेची इतिवृत्तें, घराण्याची वंशावळ, तें तरी चिंध्यांच्या कागदावर लिहावें.

कारागिरांसही दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. दयेवर धंदा चालत नाहीं. ताव एकसारखा व शाई न फुटणारा पाहिजे. आणि 'हातकागद' म्हणून भलताच माल खपविला जात असेल तर त्यांत खऱ्या कारागिराचाच घात आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें मालाचा दर्जा व शुद्धता जाणण्याचा हक्क गिऱ्हाइकास दिला आहे. तेव्हां वहीवर सुताचें प्रमाण व बनविणाऱ्याचें ठिकाण छापलेलें असावें, आणि व्यापाऱ्यांनीं तें पाहिल्यावांचून पैसे मोजूं नयेत.

देशी मालाचा अभिमान भाषणांत पुष्कळ झाला. यंदा तो खरेदीच्या यादींत उतरवावा. प्रत्येक पेढीनें एक वही घेतली तरी कांहीं हौद कोरडे पडावयाचे वांचतील.