राखणीचा माळा जरा बेताने बांधा



रब्बीची ज्वारी पोटरीतून निसवली, कणसात चीक भरू लागला, की आपल्या नांदेड-लातूरकडे शिवाराशिवारांत माळे दिसू लागतात. कोणी माळा म्हणते, कोणी मचाण. चार डांब, त्यावर बाज किंवा फळ्या, टेकवायला एक शिडी आणि डोक्यावर कडब्याचे छप्पर. दोन गडी एका दिवसात उभा करतात आणि खरी गोम तिथेच आहे. गाडीचे जू आपण सुताराकडून पारखून घेतो; माळ्याला मात्र हाती लागेल ते लाकूड आणि घरात पडलेली सुतळी चालते. का, तर दोन महिन्यांचे काम! पण त्या दोन महिन्यांत घरातली लहानथोर सगळी माणसे त्यावर चढउतार करतात, आणि तीही पुष्कळदा अंधारात, दवाने ओल्या झालेल्या पायऱ्यांवरून.

मचाण म्हटले की जुन्या मंडळींना शिकार आठवते. तो काळ गेला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली. काळवीट तर त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. रानडुक्कर आणि रोही यांचा उपद्रव अगदीच हाताबाहेर गेला, तर परवानगीची वाट वनखात्याच्या कचेरीतून जाते. आपल्या मनाने फासा लावणे किंवा बंदूक काढणे हा गुन्हाच. आता मेळघाट-ताडोब्याला बुद्धपौर्णिमेच्या रात्री लोक मचाणावर बसतात ते पाणवठ्यावर येणारी जनावरे नुसती पाहण्यासाठी. अमेरिकेत अजून हरणाची शिकार चालते. तिथले शिकारी झाडाला टेकवलेल्या लोखंडी शिडीच्या मचाणावर बसतात, आणि शिकाऱ्यांच्या अपघातांचे एक मोठे कारण काय, तर मचाणावरून पडणे. म्हणून तिथे अंगाला पट्टा बांधून तो झाडाला अडकवल्याशिवाय वर बसू नये असे सांगतात. आपल्याकडे राखण करताना पट्टा कोण बांधणार? तेव्हा आपला माळाच तसा बांधला पाहिजे.

अहमदपूरकडच्या एका शिवारात घडलेली गोष्ट सांगतो. घरच्या सूनबाई पहाटे पाखरे हाकायला माळ्यावर चढत होत्या. एका हातात पाण्याची कळशी, काखेत गोफणीच्या खड्यांची पिशवी. शिडीची वरून दुसरी पायरी वाळवीने आतून पोखरलेली होती. वरून साल शाबूत, त्यामुळे कोणाला दिसली नाही. उंची म्हणाल तर आठ फूट. पण पाठीच्या मणक्याला मार बसला आणि ती सगळी सुगी त्यांनी अंथरुणात काढली. कणसे पाखरांनी किती खाल्ली असती, आणि दवाखान्याला किती गेले, याचा हिशेब त्या घराने नंतर पुष्कळ वेळा केला.

आता बांधणीकडे वळू. माच जमिनीपासून सात-आठ फुटांवर पुरे. बसलेल्या माणसाची नजर कणसांवरून फिरली म्हणजे झाले. उगाच बारा फुटांवर नेण्यात शहाणपण नाही. डांब चार इंच जाडीचे, अकरा-बारा फूट लांब घ्यावेत, त्यातले तीन फूट जमिनीत जातील. बाभूळ उत्तम, निलगिरीही चालेल. किनवट-माहूरकडच्या मंडळींनी जंगलातले सागवान तोडून आणू नये, हे वेगळे सांगायला नको. डांबाला वर नैसर्गिक बेचके असेल तर सोन्याहून पिवळे. आडवा वासा बेचक्यात बसला की वजन डांब पेलतो. दोरी वासा फक्त जागेवर धरून ठेवते. बेचके नसेल तर वाशाखाली लाकडाचा ठोकळा नटबोल्टाने आवळून बसवा. सगळे वजन नुसत्या दोरीवर टांगलेले माळे मी शिवारफेरीत नेहमी पाहतो, आणि अशा माळ्याखालून जायलाही मला नको वाटते.

खड्ड्याची गोष्ट आपल्या जमिनीप्रमाणे बदलते. गोदाकाठची, मांजराकाठची भारी काळी जमीन ओलीत फुगते आणि वाळली की भेगाळते. पेरणीनंतर ओल असताना घट्ट बसलेला डांब माघात दातासारखा हलू लागतो. म्हणून खड्ड्यात काढलेली काळी माती परत टाकू नका. तळाला एक चपटा दगड ठेवा, मग मुरूम आणि दगडगोटे थराथराने टाकून पहारीच्या बोथट टोकाने चोपा, आणि वर बुंध्याशी मुरमाचा उंचवटा करा म्हणजे पाणी थांबणार नाही. कंधार-मुखेडकडच्या बालाघाटाच्या माळरानावर उलटी अडचण. दीड फुटावर खडक लागतो आणि पहार उसळते. तिथे डांब खाली फूटभर बाहेर पसरवून रोवा, बुडाशी दगड रचा आणि चारही बाजूंना तारेचे ताण देऊन खुंट्या ठोका. ताणाच्या तारेला पांढरी चिंधी बांधायला विसरू नका, नाहीतर अंधारात त्यातच पाय अडकायचा. जमीन कोणतीही असो, मातीत जाणाऱ्या भागाला आणि वर आणखी फूटभर डांबर फासावे. वाळवी तिथूनच चढते.

चार डांब नुसते उभे असले तर वारा आणि माणसाची हालचाल मिळून माळा डोलतो. निदान तीन बाजूंना तिरप्या बांबूंची कैची मारा. बांबूला खिळा ठोकू नका, तो चिरतो. तारेने बांधा, आणि बांधणी बांबूच्या गाठीजवळ घ्या म्हणजे ती घसरत नाही. ओला बांबू वाळला की बारीक होतो आणि तार सैल पडते. पंधरा दिवसांनी पक्कड घेऊन सगळ्या बांधण्या पुन्हा आवळायच्या. हे काम कोणी करत नाही. घरात एकाला नेमून द्या.

शिडी हा माळ्याचा सर्वांत दुर्लक्षित भाग. बहुतेक ठिकाणी ती नुसती टेकवलेली असते आणि दुसऱ्या कामाला लागली की कोणीतरी घेऊन जाते. माळ्याची शिडी माळ्याचीच असावी. आठ फूट उंचीला तिचा पाया दोन फूट बाहेर ठेवा. फार उभी असली तर माणूस मागे जातो, फार तिरकी असली तर पायऱ्या लचकतात. दोन्ही पाय फूटभर जमिनीत गाडा, वरची टोके माचेच्या दोन्ही बाजूंना तारेने जखडा, आणि ती टोके माचेच्या वर तीन फूट जाऊ द्या. माणूस पडतो तो बहुधा शिडीवरून माचेवर पाय टाकताना किंवा उतरायला वळताना, कारण नेमके तेव्हा हाताला धरायला काही नसते. पायऱ्या फूट-फूट अंतरावर, सगळीकडे सारख्या. अंधारात पाय सवयीने पडतो. पायरी उभ्या लाकडात खाच करून बसवा आणि मग बांधा. जुनी शिडी असेल तर ती आडवी ठेवून प्रत्येक पायरी विळ्याच्या टोकाने टोचून पाहा. भुसा निघाला की ती पायरी चुलीत.

चढताना-उतरताना तोंड शिडीकडे आणि हात रिकामे. दोन पाय आणि एक हात, नाहीतर दोन हात आणि एक पाय, अशी तीन ठिकाणी पकड कायम हवी. कळशी, डबा, गोफण, बॅटरी हे सगळे बादलीत घालून दोरीने वर ओढा. दोरी पाच-सहा हात पुरते.

कठडा तीन फूट उंच आणि चारही बाजूंनी. त्यासाठीचे बांबू माचेखाली तीन फुटांपासून डांबाला बांधत वर न्यावेत. तेच आणखी वर नेले की छपराला आधार होतो. कठड्याला तीन आडवे बांबू हवेत, एक कमरेशी, एक गुडघ्याशी आणि एक अगदी माचेलगत. खालचा महत्त्वाचा, कारण रात्री डोळा लागतोच आणि झोपलेला माणूस खालूनच गळतो. शिडीच्या तोंडाशी एक सरकता अडसर ठेवा. माळ्यावर झोपण्याचा एक फायदाही आहे. जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यारीचा जो धोका, तो वर पुष्कळ कमी होतो. तरी मच्छरदाणी लावून ती अंथरुणाखाली खोचावी.

माळा तयार झाला की माणूस चढवण्याआधी धान्य चढवा. पन्नास किलोची चार-पाच पोती दोरीने वर घेऊन रात्रभर ठेवा. सकाळी कुठे कलला, कुठे कुरकुरला ते कळेल. हे सगळे वेळ अमावास्येच्या आधी उरका. येळवशीला सगळे गोत शेतात येते. कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी आणि आंबिलीवर ताव मारला जातो, आणि मोठी माणसे लवंडली की गावातली आणि शहरातून आलेली सगळी पोरे एकदम माळ्यावर! दोन माणसांसाठी बांधलेल्या माचेवर त्या दिवशी आठ पोरे नाचतात. त्यांना रागे भरून उपयोग नाही, शिडीपाशी एक शहाणे माणूस बसवा.

जागेचे दोनच नियम, पण ते मोडू नका. विजेच्या तारेखाली किंवा तारेजवळ माळा नको. आणि आभाळात गडगडले की माळ्यावर थांबू नका. उघड्या शिवारात सर्वांत उंच तुम्हीच असता. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे अवकाळी येते; 2014 सालची गारपीट कोण विसरेल? पहिला गडगडाट ऐकताच खाली या. एकट्या झाडाखाली उभे राहू नका, पक्के घर गाठा. पुण्याच्या हवामान संस्थेचे 'दामिनी' अ‍ॅप पोरांच्या मोबाईलवर घालून ठेवा. वीज कुठे पडण्याची शक्यता आहे ते त्यावर समजते.

रात्री रानडुकरांचा कळप आला तर बॅटरी, डबा, आरोळी सगळे वरूनच. खाली उतरून पाठलाग करू नका. डिवचलेले डुक्कर सरळ अंगावर येते. आणि कुंपणाच्या तारेत लाइनची वीज सोडण्याचा विचार कोणी मनातही आणू नये. त्या तारेला डुक्कर लागेलच असे नाही. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी मात्र लागतो, कधी घरचाच मुलगा लागतो. नुकसान झाले तर वेळ न घालवता वनखात्याकडे अर्ज करा, तलाठ्यालाही कळवा आणि पीक तुडवलेले असतानाच फोटो काढून ठेवा.

खळे झाले की माळा तसाच पावसात सोडू नका. वासे, फळ्या, शिडी काढून गोठ्याच्या आढ्याला टांगा. तारेची वेटोळी गोणीत घाला. डांब जागेवर ठेवायचे असतील तर पुढच्या दसऱ्याला बुंध्याशी कोरून पाहा, सुरीचे पाते पाव इंचापेक्षा जास्त आत गेले तर तो डांब सरपणाला घाला.