गौरीचे डूल

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर त्यांना निरोप दिला जातो. या तीन दिवसांसाठी मुखवट्यांच्या कानांतील डूल काही घरांत अजूनही हाताने घडतात. बारीक तारेचे खालचे टोक मुडपावे, आधी टपोरा मोती, त्यावर लाल काचमणी ओवावेत आणि वरचे टोक चिमट्याने वळवून कडी करावी. मणी दोन्हींकडे मोजून सारखे.

हे काम बहुधा आजीच्या हातचे. परंतु ती विधवा असली, तर डूल तिने ओवायचे आणि ते गौरीच्या कानांत घालतेवेळी मात्र दूर उभे राहायचे, ही रीत आम्ही पुष्कळ घरी पाहिली. ती आम्हांस मान्य नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ, पाणी, काहीही गोड मानले. अट एकच घातली, भक्तीची. जिने एकेक मणी नामस्मरणात ओवला, तिच्या भक्तीची आणखी परीक्षा कोणी घ्यावी?

यंदा ते डूल तिच्याच हातून घाला. माहेरी आलेली लेक आईचा हात दूर सारीत नाही.